नामांची इंग्रजी, वाक्यांची इंग्रजी

२०२५ चा उन्हाळा महाराष्ट्राने भाषेच्या वादात घालवला. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय १६ एप्रिलला निघाला, १७ जूनला सुधारून पुन्हा निघाला आणि २९ जूनला दोन्ही मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायचे ठरले. अस्मितेबद्दल बोलून झाले, बालमानसाबद्दल बोलून झाले, केंद्राच्या हेतूंबद्दल तर पुष्कळच. पण तिसऱ्या भाषेवर जेवढी शाई खर्च झाली तिचा दहावा हिस्साही दुसऱ्या भाषेच्या वाट्याला आला नाही. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी इंग्रजी गृहीत धरली होती. ती पहिलीपासून शिकवली जाते, त्याअर्थी ती येते, असा तो हिशेब.

ती येत नाही. बीड जिल्ह्यातल्या महाविद्यालयात माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक मुलामुलींना ती येत नाही. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली आपल्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले २०१२ च्या सुमारास बारावी झाली. म्हणजे बारा वर्षे इंग्रजी शिकलेल्या तुकड्या कधीपासूनच आमच्याकडे येऊ लागल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळांना इंग्रजीतला एक साधा परिच्छेद वाचून त्यात काय म्हटले आहे ते मराठीत सांगता येत नाही. इंग्रजीत सांगण्याची गोष्ट मी करतच नाही.

या जिल्ह्यात इंग्रजी ही परकी भाषा आहे. हे म्हणायला शिक्षण खात्यापासून पालकांपर्यंत सगळेच कचरतात, कारण त्यात कमीपणा वाटतो. पुण्यामुंबईच्या काही घरांत ती दुसरी भाषा असेल, तिथे ती आईवडिलांच्या फोनवरून, शेजारपाजारातून कानावर पडते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजारांच्या घरात होती आणि पाचांतले चार जण खेड्यात राहत होते. दसरा-दिवाळीच्या आगेमागे इथल्या कितीतरी वस्त्या मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघून जातात. अशा ठिकाणी इंग्रजी परकी असणे ही लाजेची गोष्ट नाही, ती वस्तुस्थिती आहे. परकी भाषा परकी म्हणूनच शिकवावी लागते आणि नेमके तेच आपण करत नाही. विद्यार्थ्याला इंग्रजी येतेच असे धरून आपण पाठ्यपुस्तकात कविता नेमतो, आणि येतच नाही हे ठाऊक असल्याने वर्गात तिचा मराठी सारांश सांगून मोकळे होतो. या दोन टोकांच्या मध्ये भाषा शिकवण्याचे काम राहून जाते.

याचे कारण विचारले तर बीड, माजलगाव, केज, परळी, कुठेही गेलात तरी एकच निदान ऐकायला मिळते. आपल्याकडे वातावरण नाही. मुलांच्या मनात न्यूनगंड आहे. भीती घालवा, चुकले तरी बोलू द्या, बोलता बोलता भाषा येते, लहान मूल नाही का असेच शिकत? स्पोकन इंग्लिशचे क्लास चालवणारे असे म्हणतात ते मी समजू शकतो, त्यांचा तो व्यवसाय आहे. पण आता प्राचार्य हेच म्हणतात, व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतले वक्ते हेच म्हणतात, अभ्यासक्रमांतही संभाषण कौशल्याचे घटक वाढत चालले आहेत. इतर मते चुकीची असली तरी त्यांनी फारसे नुकसान होत नाही. हे मत मात्र मुलांचा वेळ आणि आईबापांचा पैसा दोन्ही खाते, म्हणून त्याचा नीट समाचार घेतला पाहिजे.

आधी वातावरणाचे पाहू. बीडच्या सुभाष रोडने चालत गेलात तर निम्म्याअधिक पाट्यांवर इंग्रजी शब्द दिसतील, बहुतेक देवनागरीत. मोबाईल शॉपी, ड्रेसेस, फूटवेअर, झेरॉक्स, हॉस्पिटल, मल्टिस्टेट. शेतात ड्रिप आहे, मोटर आहे, स्टार्टर आहे. माझ्याकडे येणारा विद्यार्थी बोलतो ते असे: ‘सर, ॲडमिशनचा फॉर्म सबमिट झालाय, पण स्कॉलरशिपचं स्टेटस पेंडिंग दाखवतंय, पोर्टल अपडेट होईना.’ ‘सर’ सोडला तरी या एका वाक्यात आठ इंग्रजी शब्द आहेत. ज्या मुलाच्या तोंडी सहज आठ इंग्रजी शब्द येतात त्याला इंग्रजीचे वातावरण नाही असे कसे म्हणायचे? पण हे आठही शब्द नीट पाहिले तर दिसते की ती वस्तूंची, कामांची आणि अवस्थांची नावे आहेत. वाक्य तोलून धरणारे जे आहे, झालाय, पण, दाखवतंय, होईना, ते सगळे मराठी आहे. इंग्रजी आमच्या आयुष्यात आली ती नामे घेऊन आली. तिची वाक्ये आली नाहीत.

माझ्या मते खरा फरक हा आहे आणि त्याकडे कोणी बघत नाही. नामांची इंग्रजी वेगळी आणि वाक्यांची इंग्रजी वेगळी. पहिली बाजारातून, मोबाईलमधून, दवाखान्यातून आपोआप मिळते, तिला शिक्षक लागत नाही. दुसरी कुठल्याही रस्त्यावर मिळत नाही. ती फक्त लिहिलेल्या पानावर असते.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षातल्या एका मुलीचे वनस्पतिशास्त्राचे पुस्तक मी पाहिले. धारूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. पानभर पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेले होते. फोटोसिंथेसिसवर प्रकाशसंश्लेषण, क्लोरोफिलवर हरितद्रव्य, ट्रान्स्पिरेशनवर बाष्पोत्सर्जन. कष्ट दिसत होते आणि एकही अर्थ चुकलेला नव्हता. मग मी त्या पानावरचे एक वाक्य तिला विचारले. पाणी पुरेसे नसेल तर पर्णरंध्रे मिटतात, मात्र काही वनस्पतींत ती रात्री उघडतात, अशा अर्थाचे ते वाक्य होते. तिने सांगितले की पाणी पुरेसे असले की पर्णरंध्रे मिटतात आणि रात्री उघडतात. अवघड शब्द सगळे बरोबर होते. चुकले होते ते ‘अनलेस’ आणि ‘वेअरॅज’. त्या दोन शब्दांवर पेन्सिलीची खूण नव्हती, कारण ते तिला अवघड वाटलेच नव्हते. ते तिच्या नजरेला पडले आणि निसटले.

शास्त्र कळायला पारिभाषिक शब्द लागतात हे खरे, पण ते मोजके असतात आणि मेहनती मुले ते पाठ करतात. जिथे युक्तिवाद घडतो तिथे हे सांधे असतात: अनलेस, वेअरॅज, ऑल्दो, प्रोव्हायडेड दॅट, नॉटविथस्टँडिंग. ते निखळले तर सगळी हाडे हातात असूनही माणूस उभा राहत नाही.

आता भीतीच्या सिद्धांताकडे या. त्या मुलीला भीती होती का? नव्हती. तिने न अडखळता, ठामपणे चुकीचे उत्तर दिले. आत्मविश्वास वाढवून तिचे काय भले होणार होते? स्पोकनच्या क्लासात तिला ‘माय नेम इज’पासून मुलाखतीच्या उत्तरांपर्यंत तयार वाक्ये मिळतात, ती घोटून घेतली जातात आणि ती बोलूही लागते. पण बोलण्याची तयार वाक्ये आखूड असतात. त्यांत ‘अनलेस’ क्वचित येतो, ‘नॉटविथस्टँडिंग’ येतच नाही. म्हणजे जो तुकडा तिच्याकडे नाही तो या मार्गाने कधीच येणार नाही, मार्ग कितीही वर्षे चालला तरी. आणि लहान मुलाचा दाखला तर अगदीच लटका आहे. मूल जागेपणीचा बहुतेक वेळ भाषेत बुडालेले असते, त्याच्याशी बोलणारी माणसे ती भाषा जन्मभर बोलत आलेली असतात आणि त्याला दुसरे काम नसते. आमच्या विद्यार्थ्याला नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत दोन श्रेयांकांचा एक भाषेचा विषय मिळतो. एका श्रेयांकाचे पंधरा तास धरले तर सत्राला तीस तास होतात. साठ-सत्तर जणांच्या वर्गात या तीस तासांत एकेकाच्या तोंडी बोलणे यायचे म्हटले तर मिनिटांचाच हिशेब करावा लागेल.

भीतीबद्दल आणखी एक सांगायचे आहे. ती निराधार नसते. ज्याला समोरच्या पानातले कळत नाही त्याला भीती वाटणे हे समजूतदारपणाचे लक्षण आहे. कळू लागले की ती जाते, तिच्यावर वेगळे औषध लागत नाही. उलट न कळताच ती घालवली तर विद्यार्थी स्वतःच्या अज्ञानाची जाणीवच गमावून बसतो.

मुलाखतीला बोलावे लागते, चाकणच्या कारखान्यात किंवा पुण्याच्या कार्यालयात दोन वाक्ये इंग्रजीत बोलता न आल्याने मुले मागे पडतात, हे मी नाकारत नाही. तो अपमान खरा आहे आणि त्यासाठी महिनाभराचा सराव कोणी करून घेत असेल तर त्याने तो जरूर घ्यावा. पण तो नोकरीच्या दारातून आत शिरण्याचा सराव झाला. त्याला भाषाशिक्षण म्हणू नये आणि विद्यापीठाने त्याच्यासाठी आपले तीस तास देऊ नयेत.

हा वाद आपल्याकडेच आहे असे नाही. चीनमध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी १९८७ पासून इंग्रजीची राष्ट्रीय परीक्षा आहे. तिच्या चौथ्या पातळीसाठी चार हजारांहून अधिक शब्द यावे लागतात. श्रवण आणि वाचन यांना प्रत्येकी ३५ टक्के गुण, लेखन आणि भाषांतर यांना प्रत्येकी १५. बोलण्याची परीक्षा वेगळी आणि ऐच्छिक. या पद्धतीतून ‘मुकी इंग्रजी’ तयार होते, मुले वाचतात पण बोलत नाहीत, अशी टीका तिथे पिढ्यानपिढ्या होत आली. लानझोऊ विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकणाऱ्या ली यांग या तरुणाला इंग्रजी जमत नव्हती. तो मोठमोठ्याने ओरडून वाक्ये म्हणू लागला, पुढे नव्वदच्या दशकात त्याने त्याचीच ‘क्रेझी इंग्लिश’ नावाची पद्धत केली आणि मैदाने भरून हजारो लोक त्याच्यामागे ओरडू लागले. आपल्या क्लासवाल्यांचा ‘भीती मोडा’ हा मंत्र त्या मैदानांतही होताच.

पण चिनी विद्यापीठे त्या मैदानांच्या मागे गेली नाहीत, त्यांनी वाचन सोडले नाही. त्या मुक्या म्हणवल्या गेलेल्या विद्यार्थ्यांतूनच आजचे संशोधक आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार विज्ञान-अभियांत्रिकीच्या शोधनिबंधांच्या संख्येत चीन २०१६ सालीच अमेरिकेच्या पुढे गेला होता. याचे श्रेय एकट्या इंग्रजीच्या परीक्षेला देणे भाबडेपणाचे होईल. पैसा, प्रयोगशाळा, राज्यसंस्थेचा रेटा ही कारणे त्याहून मोठी आहेत. तिथली परीक्षाही घोकंपट्टीपासून मुक्त नाही. तरी एक गोष्ट उरतेच. चिनी विद्यार्थी भौतिकशास्त्र चिनीत शिकतो आणि इंग्रजी वेगळी, परकी भाषा म्हणून शिकतो. इंग्रजी कच्ची राहिली तर त्याचे इंग्रजीचे गुण जातात, भौतिकशास्त्र जात नाही. धारूरच्या त्या मुलीचे दोन्ही जाते. तिची इंग्रजी कच्ची असल्याची शिक्षा तिच्या वनस्पतिशास्त्राला होते आणि निकाल लागल्यावर ती विज्ञानात कमी पडली असे म्हटले जाते.

मराठवाड्याने चीनसारखी व्यवस्था पूर्वी पाहिलेली आहे. १९१८ साली निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ निघाले, शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवले आणि इंग्रजी विषय म्हणून सक्तीची केली. माध्यम उर्दू करायचे म्हणून त्याआधीच भाषांतराची स्वतंत्र संस्था उभारली होती. ज्ञान देशी भाषेत आणि इंग्रजी परकी म्हणून वेगळी, ही त्या विद्यापीठाची मांडणी शहाणपणाची होती. अन्याय होता तो हा की ती देशी भाषा आमची नव्हती. तेव्हा अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थांसारखी माणसे मराठीतून शिकवत होती, त्यामागचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. १९४८ नंतर अन्याय दूर झाला, १९५८ साली मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठही आले, पण अन्यायाबरोबर ती मांडणीही हातची गेली. कला शाखेत मराठी आली आणि विज्ञानात इंग्रजी, म्हणजे गरज होती तिथे पूल बांधलाच गेला नाही.

सगळे ज्ञान मराठीत आणा म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही, फक्त ते आणले जाईपर्यंतच्या पिढ्यांनी काय करायचे याचे उत्तर त्यांच्याकडे नसते. मुलाला बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात घाला म्हणणाऱ्यांनी तालुक्याच्या गावच्या त्या शाळांतली मुले अनोळखी इंग्रजी पान वाचून काय समजतात ते एकदा तपासावे. आणि मोबाईलवरचे भाषांतर पुरेसे आहे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे की यंत्र कुठे चुकले हे ओळखायलाही मूळ वाक्य कळावे लागते.

वाचन आधी, हा विचार नवा नाही. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली बंगालमधल्या द्विभाषिकतेवर ग्रंथ लिहिला आणि त्यात मांडले की बंगाली विद्यार्थ्याला सर्वांत जास्त गरज इंग्रजी वाचता येण्याची आहे, बोलण्याची नंतर. त्यावर टीका झाली. गोऱ्या अधिकाऱ्याने एतद्देशीयांना मुके ठेवण्याचा घातलेला घाट, अशी शंका घेता येते आणि ती सर्वस्वी चूक म्हणणार नाही. पण शंका त्यांच्या हेतूवर जाते, निरीक्षणावर नाही. पुढे १९५३ साली वेस्ट यांनीच सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले पाचांतले चार शब्द एवढ्या यादीतून सुटतात असा अनुभव आहे. पाचवा अडतो. त्या पाचव्याचा अंदाज बांधता येतो की नाही हे वाक्याच्या बांधणीवरची पकड ठरवते आणि ही पकड असेल तरच शब्दसंग्रह पुढे आपोआप वाढतो.

कोणी म्हणेल, यांतले बरेचसे सांधेशब्द तर त्या दोन हजारांतच येतात, शाळेत शिकवलेही असतील. शिकवलेले असतात. ‘हाऊएव्हर म्हणजे तथापि’ असे वहीत लिहिलेलेही असते. अडचण अशी की तथापि हा शब्दही त्या मुलाच्या मराठीत नाही. तो बोलताना ‘पण’वर भागवतो आणि त्याच्या बोलण्याला तेवढे पुरते. तथापि, अन्यथा, ज्याअर्थी-त्याअर्थी, हीही पानावरचीच भाषा आहे. मराठीतले गंभीर गद्य ज्याने वाचलेले नाही त्याला इंग्रजीतले गंभीर गद्य उकलत नाही. मराठी विरुद्ध इंग्रजी असा सामना लावणाऱ्यांना हे दिसत नाही. आमच्या वर्गात दोन्ही भाषा एकाच ठिकाणी कच्च्या आहेत.

आणि ही कच्ची जागा केवळ परीक्षेत भोवते असे नाही. राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. ऊसतोड कामगारांच्या हालअपेष्टांची दखल मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून घेतली. त्यावरचे आदेश इंग्रजीत आहेत. ज्यांच्याविषयी ते आहेत त्यांची मुले आज पदवीला आहेत. वडिलांच्या मजुरीविषयी, आईच्या आरोग्याविषयी न्यायालयाने काय म्हटले, कोणावर काय बंधन घातले, ‘सब्जेक्ट टू’च्या पुढे कोणती अट आली, हे त्यांतल्या किती जणांना मूळ कागदावरून सांगता येईल? जो मुलगा मुलाखतीत तीन वाक्ये अस्खलित बोलू शकतो त्यालाही हा कागद दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागतो, आणि तो दुसरा कोण असेल यावर पुष्कळ काही ठरते.

वाचनाच्या बाजूने आणखी एक साधी गोष्ट आहे. आमचे काही विद्यार्थी जुलै-ऑगस्टला वर्गात दिसतात आणि हंगाम सुरू झाला की आईवडिलांबरोबर फडावर जातात. संभाषणाचा वर्ग त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. दोन पाने जाऊ शकतात, कागदावर किंवा मोबाईलवर. गाडी खाली करून आल्यावर कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, अर्धा तास ती पाने उलगडणे अवघड आहे, पण अशक्य नाही, आणि असे करणारे विद्यार्थी मला माहीत आहेत.

तेव्हा आमच्या प्रश्नपत्रिकेतल्या एका प्रश्नाबद्दल बोलतो. इंग्रजीच्या पेपरात न वाचलेला उतारा असतो, त्याखाली इंग्रजीत प्रश्न असतात आणि उत्तरे इंग्रजीत लिहायची असतात. विद्यार्थी काय करतो ते उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. प्रश्नातला एखादा ठळक शब्द घ्यायचा, बहुधा नाम, तो उताऱ्यात शोधायचा आणि तो सापडला ते वाक्य पूर्णविरामापासून पूर्णविरामापर्यंत उतरवून काढायचे. बहुतेक वेळा उत्तर त्याच वाक्यात असते आणि गुण मिळतात. एका शब्दाचाही अर्थ न कळता मिळू शकतात. बारा-पंधरा वर्षे आपण ज्याला आकलन म्हणून गुण देत आलो ते हे कौशल्य आहे, आणि नामांची इंग्रजी त्याला पुरून उरते.

हाच उतारा ठेवावा, प्रश्न इंग्रजीतच ठेवावेत, फक्त उत्तरे मराठीत लिहायला सांगावीत. मग वाक्य उतरवून काढता येणार नाही. ‘अनलेस’ चुकला तर उत्तर उलटे येईल आणि ते तपासणाऱ्याला लगेच दिसेल. आमच्याकडच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांपैकी बहुतेकांची घरची भाषा मराठी आहे, त्यांना हे तपासायला वेगळे प्रशिक्षण लागणार नाही. उर्दू माध्यमातून आलेल्यांना उर्दूत लिहू द्यावे. यावर आक्षेप येईल की इंग्रजीच्या पेपरात मराठी कशी चालेल, आणि तो प्रामुख्याने माझ्याच विषयाच्या सहकाऱ्यांकडून येईल. लेखनाचा प्रश्न वेगळा आहे, तो इंग्रजीतच ठेवा असे मी त्यांना सांगेन. दहा गुणांचा हा एक प्रश्न अभ्यासमंडळाने एका सत्रापुरता बदलून पाहावा आणि त्या सत्राच्या उत्तरपत्रिका आधीच्या सत्राच्या उत्तरपत्रिकांशेजारी ठेवून वाचाव्यात.